दात्रकोशिका विकार : नागपूर येथील संशोधन

ऑक्सिजनाचे प्रमाण कमी झाले असता रक्तातील तांबड्या कोशिकांना विळ्यासारखा (दात्र म्हणजे विळा) आकार येणाऱ्या आनुवंशिक विकारास ‘दात्रकोशिका विकार’ असे म्हणतात. विदर्भात तो ‘सिकलसेल’ या नावाने खेडोपाडी परिचित आहे. सदोष जनुक माता व पिता या दोघांकडून मिळाल्यास अपत्यास दात्रकोशिका पांडुरोग होतो. एकाच जनकाकडून मिळाल्यास ती व्यक्ती केवळ वाहक असते. वाहक हा रुग्ण नव्हे, हे प्रारंभीच स्पष्ट करणे इष्ट आहे. कारण या विकाराविषयीचे पुष्कळसे गैरसमज आणि विवाहाच्या बाबतीत होणारा अन्याय हे या दोहोंतील भेद न कळल्यामुळे उद्‌भवतात. भारतातील या विकाराच्या अभ्यासात नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात व नागपूरच्या रुग्णांवर झालेल्या संशोधनास विशेष स्थान आहे. हा विकार मुख्यत्वे आदिवासींतच आढळतो आणि भारतात तो सौम्य असतो, अशा दोन समजुती दीर्घकाळ रूढ होत्या. नागपूर येथील निरीक्षणांमुळे त्या दोन्ही सोडून द्याव्या लागल्या.

स्वरूप व कारण : तांबड्या कोशिकांतील रक्तारुणाचा (हीमोग्लोबिनाचा) रेणू दोन आल्फा व दोन बीटा अशा चार प्रथिन शृंखलांचा बनलेला असतो. बीटा शृंखलेत १४६ ॲमिनो अम्ले असून त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्ल असते. दात्रकोशिका विकारात त्याच्या जागी व्हॅलीन हे ॲमिनो अम्ल येते. एवढ्याशा बदलाने रक्तारुणाचा स्वभाव पालटतो. ऑक्सिजन सोडून दिल्यानंतर असे रेणू एकमेकांस चिकटून त्यांचे लांबट तंतू बनतात व त्या ताठर तंतूंमुळे कोशिका वाकडी होते. निरोगी तांबडी कोशिका लवचिक असल्यामुळे आपल्या व्यासाहून अरुंद केशवाहिनीतूनही सहज पार होते. विळ्याच्या आकाराची कोशिका तेथे अडकते, तिच्यामागे इतर कोशिका साचतात आणि पुढील ऊतकाचा रक्तपुरवठा खंडित होतो. रुग्णास अधूनमधून होणाऱ्या असह्य वेदनांचे मूळ या अडथळ्यात आहे.

सामान्य तांबडी कोशिका सु. १२० दिवस टिकते, तर दात्रकोशिका १० ते २० दिवसांतच नाश पावते. अस्थिमज्जेने कितीही वेगाने नव्या कोशिका तयार केल्या, तरी ही तूट भरून निघत नाही व पांडुरोग कायम राहतो. याचा ताण शरीराच्या एकूण चयापचयावर पडतो. नष्ट झालेल्या कोशिकांतील रक्तारुणापासून बिलिरुबीन हे पित्तरंजक जादा प्रमाणात तयार होते व त्यामुळे डोळ्यांत पिवळेपणा दिसतो. लहान वयातच पित्ताश्मरी (पित्ताशयातील खडे) होण्याचे कारणही हेच. नव्या कोशिकांसाठी फॉलिक अम्लाची गरज वाढते, मुलाची वाढ खुंटते व वयात येणे लांबते. प्लीहा (पानथरी) प्रथम मोठी होते आणि बहुधा पुढे निकामी होते. तसे झाले की न्यूमोनिया व जंतुरक्तता यांना प्रतिकार करण्याची शक्ती उणावते. हातापायांच्या बोटांवर वेदनायुक्त सूज हे तान्ह्या मुलातील पहिले लक्षण असू शकते. पुढील वयात मांडीच्या हाडाच्या शीर्षाचा रक्तपुरवठा तुटून खुबा निकामी होणे, तसेच मेंदूतील रक्तवाहिनी बंद पडून पक्षाघात होणे, असे गंभीर उपद्रव संभवतात. सांधे दुखतात म्हणून संधिवाताचे आणि डोळे पिवळे दिसतात म्हणून काविळीचे उपचार चालू राहावेत व रक्ताची साधी चाचणी कोणी करू नये, असे घडणे अपवादात्मक नाही.

इतिहास : शिकागो येथील वैद्य जे. बी. हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या कोशिकांचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी १९४९ मध्ये विद्युत् संचारणाच्या पद्धतीने असे दाखवून दिले की, या रुग्णांचे रक्तारुणच भिन्न असते. त्यांनी यास रेणवीय रोग म्हटले, आणि रोगाचे कारण एखाद्या रेणूच्या घडणीत शोधण्याच्या वैद्यकीय विचारास तेथून चालना मिळाली. ॲमिनो अम्लातील नेमका बदल व्ही. एम्. इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे शोधून काढला.

भारतात हा विकार आढळल्याची पहिली नोंद १९५२ मधील आहे. एच्. लेमान व एम्. कटबुश यांना तो निलगिरी भागातील आदिवासींत आढळला. त्याच वर्षी आसामातील चहाच्या मळ्यांवर काम करणाऱ्या स्थलांतरित मजुरांतही त्याची नोंद झाली. हे दोन्ही समूह मुख्य समाजापासून दूर राहणारे असल्यामुळे ‘वन्य जमातींचा विकार’ अशी त्याची ओळख रूढ होऊ लागली होती.

या पार्श्वभूमीवर आर्. एन्. शुक्ला व बी. आर्. सोळंकी यांनी १९५८ च्या फेब्रुवारीत लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात मध्य भारतातील दात्रकोशिका वाहकांविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ए. एस्. परांडे यांच्यासह त्यांचा भारतातील दात्रकोशिका रोगावरील लेख ब्लड या अमेरिकन नियतकालिकात आला. नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये स्थापन झाले होते, म्हणजे ही संस्था तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांची होती. शहरही नुकतेच मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले होते. अशा काळात, मोजक्या साधनांनिशी केलेल्या या कामाचे महत्त्व त्यातील आकड्यांपेक्षा त्याच्या दिशेत आहे. सदोष जनुक अरण्यातील वस्त्यांपुरते मर्यादित नसून नागपूरसारख्या शहरात व आसपासच्या शेतीप्रधान गावांत राहणाऱ्या बिगर-आदिवासी समाजांतही ते रुजलेले आहे, हे त्यामुळे समोर आले. नंतरच्या पाहण्यांतून विदर्भातील अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गीय अशा तिन्ही गटांत हे जनुक असल्याचे दिसून आले. पुणे येथील सुदाम काटे यांनी राज्यभर केलेल्या पाहण्यांत नंदुरबारकडील भिल्ल व पावरा आणि गडचिरोलीकडील माडिया व परधान या जमातींत वाहकांचे प्रमाण फार मोठे आढळले.

हे जनुक काही प्रदेशांतच इतके का टिकून राहिले, याचा उलगडा ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील निरीक्षणांवरून केला. वाहकांना, विशेषतः बालपणी, घातक प्रकारच्या हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते. म्हणून हिवतापग्रस्त प्रदेशात वाहक अधिक संख्येने जगतात. महाराष्ट्राच्या पूर्वेकडील अरण्यमय जिल्ह्यांना हे वर्णन तंतोतंत लागू पडते. मात्र हे संरक्षण वाहकाचे आहे. प्रत्यक्ष रुग्णास हिवताप झाल्यास तो जिवावर बेतू शकतो. याच प्रदेशात ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज या एंझाइमाची आनुवंशिक न्यूनताही आढळते. हा तांबड्या कोशिकेच्या चयापचयातील दोष असून तो असलेल्या व्यक्तीस हिवतापावरील प्रायमाक्वीन हे औषध दिल्यास कोशिका झपाट्याने फुटतात. त्यामुळे रक्ताचे दोन्ही दोष एकत्र लक्षात घेणे येथील वैद्यास भाग पडते.

सौम्यतेचा प्रश्न : १९८६ मध्ये ए. ई. कुलोत्सिक व सहकारी यांनी ओडिशा व सौदी अरेबियातील रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास करून हा बदल आशियात स्वतंत्रपणे उद्‌भवला असल्याचा पुरावा दिला. या आशियाई प्रकारच्या रुग्णांत भ्रूणीय रक्तारुणाचे (गर्भावस्थेत असणाऱ्या व जन्मानंतर कमी होत जाणाऱ्या रक्तारुणाचे) प्रमाण अधिक राहते. ते तंतू बनण्यास अडथळा करीत असल्याने रोग सौम्य होतो. ओडिशातील रुग्णांवरून काढलेला हा निष्कर्ष सर्व भारतास लावला गेला. परिणामी, वारंवार वेदनांनी तळमळणारे नागपूरचे मूल पुस्तकातील वर्णनात बसेना.

या विसंगतीचे बरेचसे स्पष्टीकरण मुंबई येथील प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेतील एम्. बी. मुखर्जी, आर्. बी. कोलाह व त्यांच्या देशी-विदेशी सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून मिळाले. त्यांनी गुजरातमधील बलसाडचे आदिवासी रुग्ण व नागपूरचे बिगर-आदिवासी रुग्ण यांची तुलना केली. बीटा शृंखलेच्या जनुकाची पार्श्वभूमी दोहोंकडे एकच होती. परंतु बलसाडच्या आदिवासींत आल्फा थॅलॅसीमिया (आल्फा शृंखला कमी तयार होण्याचा आनुवंशिक दोष) जवळजवळ सार्वत्रिक होता व नागपुरात तो बराच कमी होता. आल्फा शृंखला कमी असल्या की कोशिकेतील सदोष रक्तारुणाची संहती घटते व तंतू सहजासहजी बनत नाहीत. म्हणजे एक दोष दुसऱ्याची धार बोथट करतो. नागपूरच्या रुग्णास हे कवच बहुधा लाभत नाही आणि म्हणून त्याचा रोग तीव्र असतो. एका प्रदेशातील अनुभव दुसऱ्या प्रदेशातील रुग्णावर लादणे किती धोक्याचे आहे, याचे इतके स्वच्छ उदाहरण वैद्यकात क्वचितच मिळते.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ञ दीप्ती जैन व त्यांचे सहकारी यांचे कार्य या पुढचे आहे. त्यांनी मध्य भारतातील रुग्ण-बालकांच्या नोंदी प्रसिद्ध करून रोगाची तीव्रता दाखवून दिली. हायड्रॉक्सियूरिया हे औषध भ्रूणीय रक्तारुणाचे प्रमाण वाढवून वेदनांचे झटके कमी करते, हे अमेरिकेत प्रौढांवरील चाचणीत १९९५ मध्ये सिद्ध झाले होते. तेथील पद्धतीत मात्रा सोसेल तितकी वाढवीत नेतात व त्यासाठी वारंवार रक्ततपासणी करावी लागते. चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या खेड्यातून येणाऱ्या कुटुंबास ते परवडणारे नव्हे. जैन व सहकाऱ्यांनी दर किग्रॅ. वजनास रोज १० मिग्रॅ. अशी कमी व स्थिर मात्रा तीव्र रोग असलेल्या बालकांना देऊन पाहिली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेवढ्यानेही वेदनांचे झटके व रक्त देण्याची गरज पुष्कळ घटली. औषध नवे नव्हते. नवी होती ती येथील रुग्णाच्या परिस्थितीचा विचार करून ठरविलेली मात्रा.

नवजात बालकांच्या तपासणीचा नागपूर येथील उपक्रमही उल्लेखनीय आहे. भ्रूणीय रक्तारुणामुळे पहिल्या काही महिन्यांत बालक निरोगी भासते, म्हणून लक्षणांची वाट न पाहता जन्मतः रक्त तपासणे हितावह ठरते. जनुक असलेल्या मातांच्या २,१३४ नवजात बालकांची तपासणी केली असता ११३ बालके रुग्ण निघाली. त्यांच्यावर सतत देखरेख ठेवून २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून तीव्र पांडुरोग, वेदना व ज्वर हे उपद्रव कोवळ्या वयातच सुरू होतात, असे आढळले. असे मूल वेळीच हाती लागले, तर पेनिसिलीन, न्यूमोनियाप्रतिबंधक लस व फॉलिक अम्ल देऊन, तसेच प्लीहा कशी चाचपावी हे आईस शिकवून त्याचा जीव वाचविता येतो. शरीरातील पाणी कमी होणे हे वेदनांचे एक प्रमुख निमित्त असल्याने विदर्भातील कडक उन्हाळ्यात अशा मुलास भरपूर पाणी पाजणे हाही उपचाराचाच भाग होय.

सामाजिक बाजू : विद्राव्यता चाचणी स्वस्त असून गावपातळीवर करता येते, तथापि तीवरून सदोष रक्तारुण आहे एवढेच कळते. वाहक व रुग्ण हा भेद विद्युत् संचारण अथवा द्रव वर्णलेखन यांनीच निश्चित होतो. पहिल्या चाचणीवरच थांबल्यास वाहकावर रुग्ण असल्याचा शिक्का बसतो, आणि हा शिक्का मुलीच्या बाबतीत अधिक जाचक ठरतो. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के व पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते. वाहक व निर्दोष व्यक्ती यांच्या विवाहात या रोगाचा रुग्ण जन्मास येत नाही. म्हणून वाहक मुलीचा विवाह मोडण्यास शास्त्रीय आधार नाही. मात्र दुसरी व्यक्ती बीटा थॅलॅसीमियाची वाहक नाही, याची खात्री करून घ्यावी लागते. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमात या रोगाचा समावेश झाला. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू केले असून त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे लक्ष्य ठेविले आहे. अस्थिमज्जेचे प्रतिरोपण व २०२३ च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत संमत झालेली जनुक-संपादन चिकित्सा यांनी रोग मुळातून दूर होण्याची शक्यता निर्माण झाली असली, तरी त्यांचा खर्च विदर्भातील बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा आहे आणि त्यांच्या मुलांची भिस्त तूर्त रोजच्या गोळीवर व वेळेवर होणाऱ्या तपासणीवरच आहे.