जर्मनीची रात्रीची लढाऊ विमाने आणि रडार

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे रात्रीचे लढाऊ वैमानिक प्रारंभी भूमीवरील रडारच्या मार्गदर्शनाने, नेमून दिलेल्या क्षेत्रातच शत्रूची बाँबफेकी विमाने हेरीत असत. २४ जुलै १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवर चालून गेलेल्या ७९१ ब्रिटिश विमानांनी सुमारे २७ सेंटिमीटर लांबीच्या धातुलेपित पट्ट्या उधळल्या. ही लांबी जर्मन रडारच्या तरंगलांबीच्या जवळपास निम्मी असल्याने पडद्यावर असंख्य आभासी प्रतिमा उमटल्या. ब्रिटिशांची केवळ १२ विमाने नष्ट झाली. या आघातामुळे जर्मनांस क्षेत्रबद्ध पद्धतीवरील भिस्त सोडावी लागली. अधिक तरंगलांबीचे नवे रडार घेऊन त्यांचे वैमानिक शत्रूच्या विमानप्रवाहात शिरून दूरवर पाठलाग करू लागले. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवरील स्वारीत ब्रिटिशांनी ९५ विमाने गमावली. हॅम्बुर्ग येथील ब्रिटिशांचे यश असे अल्पजीवी ठरले.