बॅटरीची रुजुवात : तीन दशकांचा मागोवा

जी वस्तू अहोरात्र आपल्या अंगाशी असते, जिच्यावर आपला व्यवहार, आपला प्रवास आणि संकटसमयीचा आपला आवाज अवलंबून असतो, तिच्या उरलेल्या आयुष्याचा दाखला कोणी द्यावयाचा आणि तो कोणाच्या शब्दावर खरा मानावयाचा, हा प्रश्न गेल्या तीस वर्षांत शहरातील जवळजवळ प्रत्येक माणसाच्या खिशात येऊन बसला आहे. मोबाइलच्या बॅटरीचे आरोग्य तपासणे ही वरवर पाहता दोन बोटांची क्रिया आहे. परंतु या क्रियेचा इतिहास पाहिला म्हणजे असे दिसते की, तपासणीचा अधिकार आधी मालकाच्या हातात होता, मग तो दुकानदाराकडे गेला, पुढे उत्पादकाने तो आपल्याकडे घेतला, आणि आता तो एका आकड्याच्या रूपाने आपल्याकडे परत येत आहे. तो पुरता परत आला आहे काय, हे पाहण्यासाठी हा मागोवा.

तो मुंबईच्या विक्रोळीतून घेण्याला कारण आहे. गेल्या शतकाच्या चाळिशीत पिरोजशा गोदरेज यांनी खाडीकाठची येथील विस्तीर्ण जमीन घेतली, आणि लालबागेत कुलपांपासून आरंभ झालेला तो उद्योग यथावकाश येथे वाढला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी बारा लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या १९५१ साली याच ठिकाणी तयार झाल्या. पुढे येथे टंकलेखन यंत्रे आणि शीतकपाटे घडली, आणि चांद्रयानाला अंतराळात नेणाऱ्या अग्निबाणांच्या इंजिनांचे भागही येथूनच गेले. टागोर नगर, कन्नमवार नगर, पार्कसाइट या वसाहतींतून अशी कितीतरी घरे आहेत, जेथील कर्त्या माणसाचे आयुष्य व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि गेज हाताळण्यात गेले. अशा वस्तीला कारखान्यातील एक शिरस्ता सांगावा लागत नाही : ज्याने वस्तू घडविली, त्याने तिला 'पास' म्हणावयाचे नाही, तपासणी खाते निराळे असावयाचे, त्याची मापे निराळी असावयाची, आणि त्या मापांचीही ठरावीक मुदतीने रुजुवात व्हावयाची. बॅटरीच्या तीस वर्षांच्या हकीकतीकडे मला याच शिरस्त्याच्या प्रकाशात पाहावयाचे आहे.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले, आणि भारतात या यंत्राचे युग सुरू झाले. त्याच वर्षी मुंबईतही सेवा आली. परंतु येणाऱ्या कॉललाही पैसे मोजावे लागण्याच्या त्या काळात विक्रोळीच्या चाळीतून वा वसाहतीतून हे यंत्र क्वचितच दिसे. त्या पिढीच्या पुष्कळ संचांत निकेलच्या बॅटऱ्या असत. अशी बॅटरी अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केली तर तिची धारणशक्ती उणावत जाते, असा अनुभव असल्याने ती पुरती उतरू द्यावी आणि नवा संच आणल्यावर प्रथम आठ तास चार्जिंगला लावून ठेवावा, असा नियम सर्वत्र सांगितला जाई. पुढे सोनीने १९९१ साली बाजारात आणलेली लिथियम-आयन बॅटरी मोबाइलमध्ये रूढ झाली. जॉन गुडइनफ, स्टॅन्ले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या संशोधनासाठी मिळाले, तेच हे. या नव्या रसायनाला आठ तासांच्या दीक्षेची गरज नव्हती आणि पुरते उतरणे तर त्याला अपायकारकच होते. तरीही जुना नियम घराघरांतून पुढे अनेक वर्षे निष्ठेने पाळला गेला. यंत्राचा अंतर्भाग बदलला तरी त्याविषयीचे ज्ञान मालकापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही, याचे हे पहिले उदाहरण होय.

२००३ साली येणारे कॉल निःशुल्क झाले, त्याच सुमारास रिलायन्सने स्वस्त संच बाजारात आणले आणि नोकियाचा ११०० हा विजेरी असलेला संच आला. तेव्हा कोठे मोबाइल हे कामगारवस्तीचे साधन झाले. त्या संचातील बीएल-५सी ही बॅटरी अवघ्या ८५० मिलिअँपिअर-तासांची, परंतु तिचा एक गुण आजच्या बहुतेक महागड्या यंत्रांत आढळत नाही : नखाने मागचे झाकण सरकवले की ती तळहातावर येई. मग तिची परीक्षा कोणालाही करता येत असे. काचेच्या सपाट टेबलावर ती ठेवून बोटाने फिरवावी. भोवऱ्यासारखी फिरली तर पोटात वायू धरून ती फुगली आहे, आणि जागीच अडली तर पोट अजून सपाट आहे, असे समजावे. स्टेशनजवळच्या दुकानात मल्टिमीटरच्या दोन काड्या तिच्या पितळी पट्ट्यांना लावून दुकानदार व्होल्ट वाचून दाखवी, आणि 'बॅटरी बसली आहे, नवी टाका' असा निकाल देई. शंका आलीच, तर गिऱ्हाइकाने शेजाऱ्याची बॅटरी आपल्या संचात घालून दिवसभर वापरावी. दोष संचाचा की बॅटरीचा, याचा उलगडा होई. ही परीक्षा स्थूल होती, पण ती घडविणाऱ्याहून निराळ्या माणसाने केलेली परीक्षा होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि उपनगरे पाण्याखाली गेली. त्या रात्री ही बॅटरी किती पुरेल हा प्रश्न प्रथमच प्राणाशी निगडित झाला.

ऑगस्ट २००७ मध्ये या हातच्या परीक्षेची मर्यादाही उघड झाली. मात्सुशिता या जपानी उद्योगाने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनविलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी अतिउष्ण होण्याचा संभव आहे, असे नोकियाने जाहीर केले. भारतात या वार्तेने मोठी घबराट उडाली आणि सेवाकेंद्रांपुढे रांगा लागल्या. बॅटरीच्या पाठीवर छापलेला सव्वीस अंकाक्षरांचा ओळखक्रमांक कंपनीच्या नोंदींशी ताडून पाहावयाचा, आणि तो सदोष संचयात आढळला तर बॅटरी बदलून मिळावयाची, अशी व्यवस्था झाली. टेबलावर न फिरणारी, मल्टिमीटरवर उत्तम दिसणारी बॅटरीही आतून सदोष असू शकते आणि तिचा खरा दाखला उत्पादकाच्या दफ्तरात असतो, हे सामान्य माणसाला तेव्हा कळले. मात्र त्या प्रसंगात दफ्तर उघडले गेले, क्रमांक जाहीर झाले, आणि ज्याची त्याला रुजुवात करता आली. ही गोष्ट विसरता कामा नये.

यानंतरच्या दशकात यंत्रे पातळ झाली आणि बॅटरी डिंकाने आत चिकटविली गेली. ॲपलच्या पहिल्याच आयफोनमध्ये ती बंदिस्त होती. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेने २०१५ साली तोच मार्ग धरला, आणि लवकरच स्वस्त संचांतूनही सरकते झाकण नाहीसे झाले. बंदिस्त रचनेचे लाभ आहेत, पाण्यापासून संरक्षण हा त्यांतील मोठा. परंतु परीक्षेचे जे साधन मालकाच्या तळहातावर होते, ते त्यासरशी गेले. याच काळात मोबाइलचे कार्यही पालटले. उपनगरी रेल्वेचे कागदविरहित तिकीट २०१५ साली त्यावर आले, नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर भाजीवाल्याचे देणेही त्यावरूनच होऊ लागले. म्हणजे ज्या वेळी बॅटरीवरचे आपले अवलंबित्व शिगेला पोहोचले, नेमक्या त्याच वेळी तिची अवस्था आपल्या दृष्टीआड झाली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईचा वीजपुरवठा खंडित होऊन लोकलगाड्या थांबल्या आणि टाळेबंदीतील घरोघरच्या शाळा बंद पडल्या, तेव्हा पडद्यावर सत्तर टक्के दाखविणारे कित्येक जुने संच पाहता पाहता मिटले. टक्केवारी खोटी नव्हती. ती झिजून लहान झालेल्या साठ्याची टक्केवारी होती.

येथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे, कारण आकडा कसा निघतो हे समजल्यावाचून तो वाचता येत नाही. लिथियम-आयन सेलचा दाब भरलेल्या अवस्थेत साधारण ४.२ व्होल्ट असतो आणि तो उतरत ३ व्होल्टांच्या आसपास येतो. पण मधल्या मोठ्या टप्प्यात तो इतका थोडा बदलतो की, केवळ दाबावरून शिल्लक ठरविता येत नाही. म्हणून संचातील एक सूक्ष्म चकती आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या प्रवाहाचा क्षणोक्षणीचा जमाखर्च ठेवते आणि त्यावरून आजची पूर्ण धारणशक्ती मूळच्या शेकडा किती उरली, याचे अनुमान करते. हे अनुमान आहे, मोजमाप नव्हे. यास्तव ते कधी महिनाभर हलत नाही आणि कधी एकदम दोन अंशांनी खाली येते. झिजेचे कारण रासायनिक आहे. ऋणाग्रावर बसत जाणारा थर वापरण्याजोगे लिथियम अडकवून ठेवतो, आणि उष्णता व सतत शंभर टक्के भरलेली अवस्था या दोन गोष्टी ती क्रिया वेगाने घडवितात. पस्तीस अंशांवरील उष्म्याने धारणशक्तीची कायमची हानी होऊ शकते, असे ॲपलने आपल्या मार्गदर्शनात नमूद केले आहे. मुंबईच्या मे महिन्यात उशीखाली चार्जिंगला ठेवलेला संच ही मर्यादा सहज ओलांडतो. शिवाय जीर्ण सेलचा अंतर्गत रोध वाढतो, म्हणूनच तीस टक्के दिसत असताना कॅमेरा उघडताच संच बंद पडतो.

याच अकस्मात बंद पडण्यातून डिसेंबर २०१७ चे प्रकरण उद्भवले. जॉन पूल या संगणकतज्ज्ञाने आयफोनच्या वेगाच्या नोंदी मांडून दाखविले की, बॅटरी जीर्ण झाली की संचाचा वेगच कमी केला जातो. दोनच दिवसांत ॲपलने ते मान्य केले. हेतू संच बंद पडू नये हाच होता, असे त्यांचे म्हणणे. पण मालकाला ते स्पष्टपणे सांगितलेले नव्हते, आणि नव्या बॅटरीने जे काम भागले असते त्यासाठी अनेकांनी नवा फोन घेतला असणे शक्य होते. कंपनीने क्षमायाचना केली, बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला, आणि मार्च २०१८ मध्ये बॅटरीचे आरोग्य दाखविणारे पान प्रथमच मालकाला उघडून दिले. पुढे फ्रान्समध्ये याच कारणासाठी तिला २.५ कोटी युरोचा दंड झाला. आज आपण ज्या आकड्याकडे सहज पाहतो, तो असा लोकांच्या रेट्याने मिळालेला आहे. २०२३ च्या आयफोन १५ मध्ये चार्जिंगच्या आवर्तनांची संख्या आणि बॅटरीच्या निर्मितीचा महिना हेही दिसू लागले. सॅमसंगच्या संचांत त्यांच्या 'मेंबर्स' या ॲपमधील तपासणी बॅटरीचा अभिप्राय देते.

तरीही कारखान्यातील शिरस्ता लावून पाहता उणीव उरतेच. बॅटरी ज्याची, मापही त्याचेच, आणि त्या मापाची रुजुवात करणारा तिसरा कोणी नाही. दुसऱ्या बाजूने, जुन्या बॅटरीतील नियंत्रक चकती काढून ती नव्या, हलक्या प्रतीच्या सेलवर जोडणे आणि उपकरणाच्या साह्याने तिच्यातील आकडे पुन्हा लिहिणे, ही कला दुरुस्तीच्या बाजारात चांगली अवगत आहे. सबब सेकंडहँड फोनवर दिसणारे शंभर टक्के हा पुरावा नव्हे. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी लिथियम सेलला सक्तीची आहे, परंतु ती सुरक्षिततेची ग्वाही देते, उरलेल्या आयुष्याची नाही. वाण्याच्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का ठरावीक मुदतीने उमटतो. लाखो रुपयांचा व्यवहार चालविणाऱ्या या यंत्रातील मापावर तसा कोणताच शिक्का नाही.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून या दिशेने पाऊल टाकले आहे. नव्या फोनच्या बॅटरीने ८०० आवर्तनांनंतर किमान ८० टक्के धारणशक्ती राखली पाहिजे, आणि निर्मितीची तारीख, प्रथम वापराची तारीख, आवर्तने व आरोग्य या चारही नोंदी मालकाला पाहता आल्या पाहिजेत, असा तेथे कायदा आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडले, आणि त्याच वर्षीच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. ही सुरुवात चांगली आहे. तिच्यापुढे युरोपातील त्या चार नोंदींची सक्ती आणि त्यांच्या पडताळ्याची शासकीय व्यवस्था, या दोन गोष्टी येथेही झाल्या पाहिजेत.

तोवर वाचकांनी आपल्यापुरती तपासणी मात्र सोडू नये. आकडा वरचेवर पाहू नये, पण महिन्यातून एकदा तारखेसह टिपून ठेवावा, म्हणजे झीज दिसते. तो ८० च्या खाली गेला, अथवा शिल्लक असताना संच बंद पडू लागला, तर नव्या फोनआधी नव्या बॅटरीचा दर विचारावा. सेकंडहँड फोन घेताना आकड्याबरोबर बॅटरी बदलल्याची पावती मागावी. मागचे झाकण वा पडदा उचललेला दिसला, तर चार्जिंग तत्काळ थांबवावे, बॅटरी टोचू वा दाबू नये, आणि ती घरच्या कचऱ्यात न टाकता संकलन केंद्रात द्यावी. आणि आकडा विचारल्यावर दुकानदार वा कंपनी टाळाटाळ करील, तर मालक या नात्याने लेखी उत्तर मागावे. कारण २०१८ साली बॅटरीच्या आरोग्याचे ते पान आपल्यासाठी उघडले, ते ग्राहकांनी विचारणा केली म्हणूनच.