ज्या खाडीत नांगर धरतो

दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. भाचा नाळेवर ओणवा होऊन नांगराच्या साखळीवर तळहात ठेवून बसला होता. वैद्याने नाडी पाहावी तसा. साखळी थरथरत राहिली म्हणजे नांगर तळावरून घसरतो आहे. थरथर थांबून ती ताठ झाली म्हणजे नांगर धरला. पहिल्या खेपेला तो घसरला होता. डोंगरावरून वाऱ्याचा एक झोत सपकन खाली आला, होडीचं तोंड फिरलं आणि किनाऱ्यालगतचा प्रवाळाचा पट्टा नको तितका जवळ दिसू लागला. साखळी वर घेतली, थोडं मध्ये सरकलो, पुन्हा सोडली. या वेळी ती ताठ झाली. "धरला, मामा," तो म्हणाला, आणि इंजिन बंद झालं. त्यानंतर जी शांतता पसरली ती मला ओळखीची होती. जयगडच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला खाडीतल्या संध्याकाळची शांतता वेगळी सांगावी लागत नाही.

ही नारा खाडी. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात, ग्रेट बॅरियर रीफ आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या समुद्रात व्हिटसंडे नावाचा 74 बेटांचा समूह आहे. त्यातल्या हूक बेटाच्या दक्षिण अंगाने ही अरुंद, लांबलचक खाडी आत शिरते. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, तळाला चिखल, आणि वारा कुठूनही असला तरी आत लाट म्हणून नाही. एप्रिल ते सप्टेंबर इथे आग्नेयेचा व्यापारी वारा पुष्कळदा सलग काही दिवस 20–25 नॉट वेगाने वाहतो. बाहेर पांढऱ्या फेसाळ लाटांचा समुद्र, आणि आत चहाचा कप टेबलावर ठेवला तर हलत नाही.

म्हणून शिडाच्या होड्या इथे येतात. एर्ली बीचच्या बंदरात यॉट भाड्याने मिळते आणि ती चालवायला परवान्याची गरज नाही. हे ऐकून मी चकितच झालो होतो. काही तासांचं शिक्षण, नकाशे, रेडिओ, आणि मग तुम्ही व समुद्र. अट मात्र कडक असते: दुपारी चारच्या आत नांगर टाकून स्थिर व्हायचं आणि सकाळ-संध्याकाळ रेडिओवरून आपला ठावठिकाणा कळवायचा. सूर्य कलला की पाण्याखालचे प्रवाळ दिसत नाहीत, हे त्यामागचं साधं कारण. काही किनाऱ्यांजवळ पांढरे, त्रिकोणी आकाराचे तरंगते बोये बांधलेले असतात. त्यांच्या रेषेपासून किनाऱ्याकडे नांगर टाकायचा नाही, कारण एक साखळी फिरली की शेकडो वर्षं वाढलेलं प्रवाळ चिरडून जातं. भरती-ओहोटीत पाणी तीन-चार मीटर चढतं-उतरतं, उधाणाला बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून नदीसारखी ओढ लागते. हे सगळं मार्गदर्शक पुस्तकात व्यवस्थित लिहिलेलं असतं. त्याच पुस्तकात नारा खाडीसमोर 'सुरक्षित आसरा' असा शेरा असतो.

आसरा खरा. पण तो कोणाचा, हे विचारल्याशिवाय मला त्या रात्री झोप येईना.

या बेटांचे मूळ लोक न्गारो. त्यांच्या शेजारी मुख्य भूमीवर गिया आणि जुरू. न्गारो हे समुद्राचे लोक. झाडाच्या सालीचे तुकडे शिवून केलेल्या होड्यांतून ते बेटांबेटांमध्ये ये-जा करत, कासव आणि डुगाँग म्हणजे समुद्रगाय मारत, मासे आणि कालवं खात. 1980 च्या दशकाच्या अखेरीस पुरातत्त्वज्ञ ब्राइस बार्कर यांनी नारा खाडीकाठच्या एका खडकाच्या ओवरीत उत्खनन केलं. तळच्या थरातल्या कोळशाचं वय निघालं सुमारे 9000 वर्षं.

हा आकडा नुसता वाचला तर तो मोठा वाटतो, इतकंच. तो समजून घ्यायला पाण्याकडे पाहावं लागतं. 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. तेव्हा ही बेटं नव्हतीच. मोठ्या सपाट मैदानातून वर आलेल्या टेकड्या होत्या, आणि नारा ही त्यातली एक दरी होती, खाली ओढा वाहणारी. मग बर्फ वितळला, समुद्र पुढे सरकत आला, मैदान बुडालं, टेकड्या तुटून त्यांची बेटं झाली, दरीत पाणी शिरून खाडी झाली. साधारण 7000 वर्षांपूर्वी पाणी आजच्या पातळीच्या आसपास आलं. कोकणातल्या आपल्या खाड्याही अशाच बुडालेल्या दऱ्या आहेत. फरक एवढाच की नाराच्या ओवरीत बसलेल्या माणसांनी हे पाणी येताना पाहिलं. एका आयुष्यात नाही, पण पिढ्यान्‌पिढ्यांत. आजीने सांगितलेलं शिकारीचं रान नातवाच्या वेळी चिखलाचं खाजण झालं असेल आणि पणतवाच्या वेळी त्यावरून मासे पोहत असतील.

ते पळून गेले नाहीत. बार्कर यांच्या उत्खननात तळापासूनच समुद्री अन्नाचे अवशेष मिळाले. म्हणजे समुद्र जवळ येत होता तेव्हाच हे लोक त्याच्यावर जगायला शिकलेले होते. पुढे, गेल्या तीनेक हजार वर्षांत, त्यांचं जगणं आणखी पक्कं दर्याचं झालं. 2004 साली बार्कर यांनी या संशोधनाचं पुस्तक काढलं, त्याचं नावच 'द सी पीपल'.

आणखी एक पुरावा मला त्याहून बोलका वाटतो. साउथ मोल नावाच्या बेटाच्या धारेवर दगडाची प्राचीन खाण आहे. धारदार हत्यारं करायला चांगला, बारीक पोताचा दगड. पिढ्यान्‌पिढ्या तिथून फोडलेल्या दगडांची हत्यारं इतर बेटांवर सापडतात, नारा खाडीतही. खाण वापरात आली तीही सुमारे 9000 वर्षांपूर्वी. म्हणजे सुरुवातीला तो दगड आणायला कदाचित पायी जाता येत असेल. नंतर त्याच वाटेवर व्हिटसंडे पॅसेजचं खळाळतं पाणी आलं, तरी दगड येत राहिला. वाट बुडाली, जाणं-येणं थांबलं नाही. आमची होडी तेच पाणी इंजिन आणि नकाशाच्या जोरावर पार करून आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिंगीतून, म्हणजे यॉटसोबतच्या छोट्या होडीतून, खाडीच्या टोकाला गेलो. भरतीची वेळ पाहूनच जावं लागतं. ओहोटीला तिथे पाणी इतकं मागे सरतं की डिंगी चिखलात बसते. किनाऱ्यावरून पायऱ्यांची छोटी वाट झाडीतून वर जाते, चढ दोन-तीनशे पावलांचा, पण उभा. खडकांवर कालवांच्या कडा पाण्यात भिजून चमकत होत्या. वर ओवरीसमोर लाकडी सज्जा बांधला आहे, कठड्यापलीकडे जायचं नाही. कळ दाबली की ध्वनिफीत सुरू होते आणि न्गारोंची कहाणी ऐकू येते.

भिंतीवर गेरूचा तांबडा. माणूस नाही, प्राणी नाही. रेषा, लंबगोल, आणि त्या लंबगोलांत आडव्या-उभ्या रेषांची जाळी. एका आकृतीसमोर मी बराच वेळ उभा राहिलो. जाळीच्या रेषा सारख्या अंतरावर नव्हत्या. मध्यभागी दाट, कडेला विरळ होत गेलेल्या, आणि एका ठिकाणी रेष ओढणारा हात थोडा घसरलेला स्पष्ट दिसत होता. रत्नागिरीच्या सड्यावरची कातळशिल्पं पाहताना अशीच हाताची चूक शोधायची मला सवय आहे. चूक दिसली की माणूस दिसतो. ओवरीच्या जमिनीत शिंपल्यांचे थर आहेत. जेवणाचा तो उकिरडा आता इतिहासाची वही झाला आहे.

खाडीतून परत येताना भाच्याने काठचे काही खडक दाखवले. त्यांवर रंगाने होड्यांची नावं लिहिलेली. आसऱ्याला आलेल्या खलाशांनी आपली खूण ठेवावी म्हणून रंगवलेली. काहींना तो जुना दर्यावर्दी वारसा वाटतो. मला तो वाटला नाही. हजारो वर्षांच्या गेरूच्या हाकेच्या अंतरावर डब्यातल्या रंगाने आपलं नाव लिहायचं, हे दुसऱ्याच्या ओसरीवर कोळशाने नाव लिहिण्यासारखं आहे. ओसरीवर पाहुण्याला बसू देतात, तेवढंच.

नाव देण्याची ही खोड तशी जुनी. 1770 च्या जूनमध्ये जेम्स कुक 'एंडेव्हर' घेऊन इथून गेला. ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी येणाऱ्या ख्रिस्ती सणाचा दिवस समजून त्याने बेटांमधल्या या जलमार्गाला 'व्हिटसंडे' नाव दिलं. आंतरराष्ट्रीय वाररेषा तेव्हा ठरलेली नव्हती, त्यामुळे आजच्या हिशेबाने तो वार खरं तर सोमवार होता. आज सगळा बेटसमूह त्या चुकलेल्या रविवारच्या नावाने ओळखला जातो. कुकच्या रोजनिशीत एका बेटाच्या वाळूवर दिसलेली दोन माणसं आणि बाजूला आधाराचं तरंगतं लाकूड असलेली एक होडी यांची नोंद आहे. किनाऱ्यावर आधी पाहिलेल्या होड्यांपेक्षा ती मोठी आणि वेगळ्या बांधणीची होती. नऊ हजार वर्षांच्या वस्तीची युरोपीय कागदावर झालेली पहिली नोंद ही अशी, चालत्या जहाजावरून.

पुढचं शतक फार क्रूर गेलं. 1861 मध्ये बोवेन वसलं, मागोमाग गुरंवाले, लाकूडतोडे आणि नेटिव्ह माउंटेड पोलिस ही सरकारी घोडेस्वार तुकडी आली. बेटांवरची उंच हूप पाइनची झाडं तोडली गेली आणि न्गारो लोक गोळ्यांना, आजारांना आणि हकालपट्टीला बळी पडून काही दशकांतच आपल्या बेटांवरून उखडले गेले. बर्फ वितळून समुद्र चढला तेव्हा जे तगले, त्यांना माणसांनी हुसकलं. पण 'न्गारो संपले' असं जे सहज लिहिलं जातं, ते खोटं आहे. त्यांचे वंशज आहेत, आणि गिया व जुरूंसह तेच या किनाऱ्याचे पारंपरिक मालक म्हणून बोलतात. सज्ज्यावरची माहिती 'होते' या क्रियापदावर थांबत नाही, याचं मला मनापासून बरं वाटलं.

ही खाडी सगळ्यापासून वाचवते असं मात्र मानू नये. 28 मार्च 2017 रोजी डेबी चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. हॅमिल्टन बेटावर ताशी 263 किलोमीटरचा झोत नोंदला गेला आणि डोंगरांवरची पानं अक्षरशः ओरबाडली गेली. आता हे रान पुन्हा हिरवं झालं आहे.

तिसऱ्या सकाळी निघायची वेळ झाली. भाच्याने साखळी ओढायला घेतली, मी बादलीने समुद्राचं पाणी ओतत होतो. नांगर वर आला तो राखाडी चिखलाने लदबदलेला, हाताला गार आणि लोण्यासारखा गुळगुळीत. कधीकाळी इथे जमीन होती. चिखलात शिंपल्याचा एक तुकडा अडकला होता. तो मी बोटाने सोडवला, जिथून आला होता तिथेच पाण्यात टाकला, आणि नांगराचे फाळ स्वच्छ होईपर्यंत पाणी ओतत राहिलो.