कागदाहून पातळ खिडकी

क्ष-किरणांचे खगोलशास्त्र जमिनीवरून करता येत नाही. ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण वातावरणातच शोषले जातात, म्हणून उपकरणच वर न्यावे लागते. जून १९६२ मध्ये रिकार्डो जियाकोनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील व्हाइट सँड्स येथून एरोबी अग्निबाण सोडला. वातावरणाच्या दाट थरावर त्याला जेमतेम सहा मिनिटे मिळाली; तेवढ्यात वृश्चिक राशीत सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत सापडला.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून सोडलेल्या बलूनांवर अशी उपकरणे घडवण्याचा हात बसवला. १९९६ मध्ये तिचे तीन गणक, म्हणजे क्ष-किरणांचे कण मोजणारी उपकरणे, ‘आयआरएस-पी३’ उपग्रहावरून गेले आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी पीएसएलव्ही अग्निबाणाने नेलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावर ‘लॅक्सपीसी’ हे त्यांचे मोठे भावंड होते.

लॅक्सपीसी म्हणजे झेनॉन वायूने भरलेल्या तीन पेट्या. क्ष-किरणाचा कण झेनॉनच्या अणूवर आदळला की इलेक्ट्रॉन सुटतात. उच्च दाबाची वीज असलेल्या बारीक तारेकडे ओढले जाताना ते आणखी इलेक्ट्रॉन उडवतात आणि कणाच्या ऊर्जेच्या प्रमाणात विजेचा ठोका मिळतो. झेनॉन जड असल्याने जास्त ऊर्जेचे कणही अडवतो. त्यात मिसळलेला थोडा मिथेन इलेक्ट्रॉनांची ही वाढती साखळी आवरतो.

सर्वांत अवघड भाग खिडकीचा. ती जाड केली तर कमी ऊर्जेचे किरण तिच्यातच अडकतात. म्हणून ५० मायक्रॉनची, म्हणजे साध्या कागदाच्या सुमारे निम्म्या जाडीची, मायलर या प्लॅस्टिकची पापुद्र्यासारखी फिल्म वापरली. आत जवळपास दोन वातावरणांचा दाब आणि बाहेर निर्वात पोकळी, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे दोन किलोचा रेटा. तो पेलण्यासाठी फिल्मला धातूच्या चौकोनी जाळीचा आधार दिला. त्यावरच्या उभ्या नळ्या आकाशाचा सुमारे एक अंशाचा तुकडाच दिसू देतात, कारण किरण कोणत्या दिशेने आला हे वायूला कळत नाही.

वैश्विक किरणही तसेच ठोके देतात. त्यासाठी कडेला आणि तळाला वेगळ्या तारा बसवल्या. बाहेरच्या व आतल्या तारांत एकाच वेळी ठोका पडला, तर ती नोंद रद्द होते. कक्षाही विषुववृत्ताला फक्त ६ अंश कललेली निवडली, म्हणजे दक्षिण अटलांटिकवरील भारित कणांच्या पट्ट्याचा त्रास कमी होतो. तरीही त्या भागावरून जाताना वीजदाब उतरवावा लागतो.

लॅक्सपीसीत क्ष-किरणाच्या प्रत्येक कणाची वेळ १० मायक्रोसेकंदांपर्यंत नोंदता येते. कृष्णविवराभोवतीच्या तप्त वायूची लुकलुक सेकंदाच्या अगदी लहान अंशात बदलत असते. ती टिपण्यासाठी एवढी बारकाई हवीच.

लॅक्सपीसीच्या तीन पेट्या म्हणजेच तिन्ही गणक एकमेकांपासून स्वतंत्र ठेवले होते. वायू गळत गेल्याने तिसरा २०१८ मध्ये बंद करावा लागला. दुसरा मात्र त्यानंतरही निरीक्षणे देत राहिला.