‘सेट’ नेमका कुठे बसतो?

‘‘आई, सेट म्हणजे काय गं?’’ पाचवीतल्या लेकीने विचारलं तेव्हा माझे हात कणकेत होते. ‘‘संच,’’ मी म्हटलं. डिनर सेट, बांगड्यांचा सेट... त्यात काय एवढं!

दुसऱ्या दिवशी वहीवर लाल फुली. वाक्य होतं, ‘द सन सेट्स इन द वेस्ट’. लेकीने लिहिलं होतं, ‘सूर्य पश्चिमेला संच करतो.’ सगळा वर्ग हसला म्हणे. घरी आल्यावर दप्तर आपटून म्हणाली, ‘‘तुला काही येत नाही. आता मी बाबांनाच विचारणार.’’

खरं सांगते मैत्रिणींनो, फार लागलं मनाला. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधीच्या आपण बऱ्याच जणी पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या. ती भीती अजून जात नाही.

रात्री भांडी आवरून शब्दकोश काढला. ‘सेट’चे अर्थ संपता संपेनात! नंतर वाचलं, ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत या एका शब्दाचे ४३० अर्थ होते. पुढे ‘रन’ने त्यालाही मागे टाकलं, ६४५ अर्थ! म्हणजे चुकले ती काही मी एकटीच नसणार.

पण शोधता शोधता एक किल्ली हाती लागली. इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे, आणि त्यावरूनच झालेलं क्रियापद ‘सेट’, म्हणजे बसवणे. आता बघा गंमत. मोडलेलं हाड ‘सेट’ करतात, आपण हाड बसवतो. अंगठीत खडा ‘सेट’ करतात, आपण खडा बसवतो. दिवसभर चालून सूर्यही संध्याकाळी खाली बसतो, असं समजा. आपल्या ‘सदन’ शब्दातला ‘सद्’ म्हणजेही बसणेच, आणि भाषा अभ्यासणारे सांगतात की ‘सिट’ आणि ‘सद्’ यांचं मूळ एकच!

मग माझा ‘संच’ चुकला का? तोही नाही. संच या अर्थाचा ‘सेट’ बराचसा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. एकाच वाड्यात दोन सुनीता असाव्यात, तसं. नाव एक, माहेर वेगळं. मी फक्त चुकीच्या सुनीताला हाक मारली होती.

आणि आपली मराठी काय कमी आहे? गणपती बसवतो, घडी बसवतो. घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, फुगलेला केकसुद्धा बसतो! यातलं काही आपण पाठ केलं होतं का? शेजारचा शब्द बघून अर्थ कळतो. इंग्रजीचंही तसंच. म्हणून आता आम्ही सुटा ‘सेट’ पाठ करत नाही. सूर्याबरोबरचा, गजराबरोबरचा, पेपराबरोबरचा, असा जोडीनेच वहीत लिहितो. लेकीने विचारलं की मी आधी म्हणते, ‘‘अख्खं वाक्य वाच.’’ येत नसेल तर दोघी मिळून शब्दकोश काढतो. ‘मला माहीत नाही, बघूया’ असं म्हणायला आधी जड गेलं. पण त्यात कमीपणा नाही, हे आता पटलंय.

परवा तिने विचारलं, ‘‘आई, इंग्लिशमध्ये दहीपण सेट होतं. आपलं दही का नाही बसत?’’

‘‘आपलं दही लागतं,’’ मी म्हटलं.

‘‘आणि भूक? आणि ठेच?’’

‘‘तीही लागते. नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, दूध बुडाला लागतं...’’

लेक बोटं मोजायला लागली. हाताची संपली, पायाची संपली. शेवटी वही घेऊन आली. तुम्हीही आज मुलांना घेऊन बसा आणि मोजून बघा. आमचे सदतीस झालेत, अजून मोजतोय.