जुन्या घराचें मोल

एखादें घर जुनें झालें म्हणजे लोक त्याचें मोल बहुधा दोन मापांनीं मोजतात. जागेचा भाव काय, हें एक माप. आणि तेथें कोणी थोर पुरुष राहून गेला काय, हें दुसरें. परंतु जेथें कोणी राजा राहिला नाहीं, कोणती लढाई झाली नाहीं, असें एखाद्या व्यापारी गृहस्थाचें शहराबाहेरील घरही राष्ट्राचा ठेवा ठरूं शकतें. तें कसें, हें स्कॉटलंडमधील ‘हिल हाउस’ या घराच्या इतिहासावरून चांगलें समजतें.

ग्लासगो शहराच्या वायव्येस, क्लाइड नदीच्या मुखाशीं हेलन्सबरो नांवाचें गांव आहे. एकोणिसाव्या शतकांत तेथें आगगाडी पोंचली. दिवसभर शहराच्या धुरांत व्यापार करावा आणि सायंकाळीं मोकळ्या हवेंत परतावें, अशी सोय ग्लासगोच्या सधन लोकांस झाली. वॉल्टर ब्लॅकी हे अशांपैकींच एक. त्यांच्या ‘ब्लॅकी आणि सन’ या प्रकाशनसंस्थेचें नांव महाराष्ट्रास परकें नव्हतें. तिच्या पुस्तकांवर लंडन व ग्लासगो यांच्या जोडीला मुंबईचेंही नांव छापलेलें असे.

१९०२ सालीं ब्लॅकी यांनीं गांवाच्या वरच्या अंगास टेकडीवर घर बांधण्याचें योजिलें आणि तें काम चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या चौतिशीच्या आंतबाहेर असलेल्या स्थापत्यविशारदास सांगितलें. मालकाच्या अटी स्पष्ट होत्या. तांबडीं कौलें नकोत, विटांच्या भिंतींवर लाकडी पट्ट्यांची शोभा नको. गिलावा करडा व खरबरीत असावा, छपरास पाटीचा दगड असावा, आणि सौंदर्य नक्षीनें न येतां घराच्या निरनिराळ्या भागांच्या मांडणीनेंच यावें. मॅकिंटॉश यांनीं प्रथम ब्लॅकी कुटुंबाची राहणी जवळून पाहिली. मग आंतील दालनें कशीं असावींत हें ठरविलें, आणि तें पसंत पडल्यावरच बाहेरचें रूप रेखाटलें. पुष्कळ घरांत आधीं दर्शनी भाग ठरतो व माणसांनीं त्यांत कसेंबसें मावावें लागतें. येथें क्रम उलटा होता. खुर्च्या, दिवे, कपाटें हींही त्याच हातानें योजिलेलीं. मॅकिंटॉश यांच्या पत्नी मार्गारेट मॅकडोनल्ड या स्वतः कलावती. त्यांच्या कलाकृतींनीं दालनांस शोभा आणली. १९०४ सालीं घर पुरें झालें. बाहेरून तें जुन्या गढीसारखें उग्र, तर आंत शयनगृह पांढरेंशुभ्र व प्रकाशमय. पुढें विसाव्या शतकांत साध्या, निरलंकार बांधणीची जी दृष्टि सर्वत्र पसरली, तिची चाहूल या घरांत अगोदरच लागते. त्याचें मोल तें हेंच.

परंतु ज्या नव्या विचारामुळें घर मोठें ठरलें, त्याच्याच पोटांत त्याचें दुखणें होतें. स्कॉटलंडमध्यें दगडी भिंतींस चुन्याचा गिलावा करण्याची जुनी चाल होती. चुना सच्छिद्र असतो. भिंतींत ओल शिरली तरी ती वाळून बाहेर जाण्यास वाट असते. मॅकिंटॉश यांनीं त्या काळीं नवें असलेलें पोर्टलंड सिमेंट वापरलें. शिवाय भिंतीच्या माथ्यावर दगडी पट्टी बसवून तिची कड पुढें काढावी, म्हणजे पाणी भिंतीपासून दूर ठिबकतें, ही रीत त्यांनीं ठिकठिकाणीं सोडली. कारण त्यांना अखंड, सलग पृष्ठभाग हवा होता. सिमेंट कठीण खरें, पण ताठर. त्यास केसासारख्या बारीक भेगा पडल्या. त्यांतून पावसाचें पाणी आंत शिरलें, आणि बाहेर पडण्याची वाट मात्र त्यास मिळेना. स्कॉटलंडचा तो पश्चिम किनारा फार पावसाचा. वर्षानुवर्षें भिंती भिजत राहिल्या.

१९८२ सालीं हें घर ‘नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड’ या संस्थेकडे आलें. डागडुजी वारंवार झाली, पण ओल हटेना. तेव्हां खरा पेंच उभा राहिला. मूळचा सिमेंटचा गिलावा राखावा, तर घर जातें. तो काढून दुसरा करावा, तर मॅकिंटॉश यांच्या हातचें कांहीं कायमचें नाहींसें होतें. संस्थेनें घाई केली नाहीं. २०१९ सालीं सबंध घरावर एक प्रचंड मांडव उभारण्यांत आला. त्यास वर पक्कें छप्पर, आणि सभोंवार चिलखतासारखी पोलादी कड्यांची जाळी. या जाळींत सुमारे ३ कोटि २४ लक्ष कड्या होत्या. पाऊस अडावा, वारा खेळावा, भिंती हळूहळू वाळाव्यात, आणि तोंवर पुढील उपायाचा विचार करण्यास अवधि मिळावा, हा त्यांतील हेतु. मांडवांतील जिन्यांवरून लोकांस छपराच्या उंचीपर्यंत जाऊन घर पाहतां येईल, अशीही योजना केली गेली.

या कथेंतील बोध स्कॉटलंडपुरता नाहीं. महाराष्ट्रांतील जुन्या वाड्यांच्या चुन्यांत बांधलेल्या भिंतींवर मजबुतीच्या आशेनें सिमेंट थापलें, म्हणजे ओल तशीच आंत कोंडते आणि दुरुस्तीच घातक ठरते. म्हणून जुन्या घरास हात लावण्यापूर्वीं तें कशाचें बांधलें आहे आणि तसें कां बांधलें आहे, हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत. उत्तर मिळेपर्यंत त्यावर नुसतें छत्र धरणें, हीही त्याची मोठीच सेवा होय.