घरबांधणी आणि विश्वासाचें भांडवल

‘घर पहावें बांधून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं गवंडी व सुतार यजमानाच्या डोळ्यांदेखत काम करीत. आतां घर कागदावर असतांनाच वडिलांची निवृत्तीची पुंजी विकासकाच्या हातीं पडते. इमारत रखडली कीं एकाची नव्हे, सबंध कुटुंबाची शिल्लक अडकते. तेव्हां बांधकामांत पैसा निर्धोकपणें कसा घालावा, हा प्रश्न घरोघरचा आहे. त्याचें एक उत्तर आमच्या सोलापुराजवळच पाहावयास मिळतें.

अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी येथें विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेचीं दहा हजार घरें उभीं राहिलीं व २००६ सालीं तीं सभासदांस मिळालीं. त्या कामीं पुढाकार घेणारे कामगारपुढारी श्री. नरसय्या आडम यांच्याच प्रयत्नानें तेथें ‘रे नगर’ ही ३०,००० घरांची योजना निघाली. तिची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्यें झाली. पैकीं १५,००० घरें जानेवारी २०२४ मध्यें कामगारांस देण्यांत आलीं.

रोजंदारीवर जगणाऱ्यांच्या घरांसाठीं भांडवलाची जुळणी कशी झाली? पायाभरणीच्या वेळीं अंदाजी खर्च सुमारें १,८११ कोटी रुपये होता. त्यांत केंद्र व राज्य सरकारांचें साहाय्य ७५० कोटींचें, म्हणजे घरामागें अडीच लाख. सरासरी खर्च सहा लाख धरल्यास बाकीचा भार सभासदाची शिल्लक व बँकेचें कर्ज यांवर येतो. यांतील मर्म असें कीं, पाया खणण्यापूर्वींच घर घेणारा ठरलेला होता. बांधलेलें घर खपेल कीं नाहीं, ही विकासकाची मोठी धास्ती तेथें मुळांतच नाहींशी झाली आणि जोखीम एकाच्याच माथीं राहिली नाहीं.

खासगी विकासकास सरकारी साहाय्य नसतें हें खरें. परंतु विश्वास मिळविण्याचा मार्ग त्यासही मोकळा आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ प्रमाणें ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकीं ७० टक्के निराळ्या बँकखात्यांत ठेवावी लागते. ती त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठीं व बांधकामासाठीं, झालेल्या कामाच्या प्रमाणांत, अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यानेंच काढतां येते. करारनामा नोंदविल्यावांचून किंमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. कित्येक विकासकांस हा जाच वाटतो. आमचें मत उलट आहे. एका इमारतीचा पैसा दुसरीकडे वळविला कीं पहिली रखडते, आणि एक रखडली कीं साऱ्या गांवाचा हात आखडतो. ज्याचा हिशेब उघडा, त्याच्याकडे धनको व गिऱ्हाईक दोघेही निःशंकपणें येतात.

गृहस्थांनींही आपलें काम करावें. महारेराचा नोंदणी क्रमांक पडताळावा, जमिनीची मालकी व तिच्यावरील बोजा वकिलाकडून तपासून घ्यावा, बँकखातें कोणतें तें विचारावें. मुलीचें स्थळ पाहतांना आपण चार ठिकाणीं चौकशी करतों. मग जन्माची कमाई देतांना संकोच कां? सर्व शुचितांमध्यें द्रव्यव्यवहारांतील शुचिता श्रेष्ठ, असें मनूनें सांगून ठेविलें आहे. घर बांधणारा व घर घेणारा, दोघांसही तें सारखेंच लागू आहे.